शेवटचा अ

मंगळवार बाजारात, गंजलेली कुलपं
आणि जोडी हरवलेल्या चपला यांच्या मधोमध
राजेशममामांना ती तबकडी मिळाली.
चाळीस म्हणाला, तीसला दिली.
कव्हरवर पानगळीतली बाग, कोपरा वाळवीनं खाल्लेला,
आत चार पानांची पुस्तिका, फ्रेंच.
"तू टॉवेलवाल्यांना फ्रेंचमध्ये पत्रं लिहितेस ना?
मग सांग, का रडतोय हा माणूस."

रडत नव्हता.
नुसता उभा होता पियानोच्या कडेला,
पाहुणे गेल्यावरही आपण
दारात थांबतो, तसा.

मामांचे कान अक्कलकोट रोडच्या मागांनी खाल्ले.
बत्तीस वर्षं धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे.
आता बारीक आवाज पोचतच नाहीत त्यांच्यापर्यंत,
चिमण्या, नातीचे पैंजण, कुकरची शिट्टीसुद्धा.
ते खोक्याच्या लाकडावर तळवा ठेवतात
आणि म्हणतात, लाव.

मी वाचत गेले.
आधी रोमान्स नावाची साधी गाणी होती,
दिवाणखान्यातली, सगळी कडवी एकाच चालीवर,
पियानो मागे, हात बांधलेल्या गड्यासारखा.
मग ऱ्हाईनपलीकडची गाणी आली
भाषांतराचा उसना अंगरखा घालून,
आणि पॅरिसला वाटलं,
आपल्याही गाण्याला वेगळं नाव हवं.
मेलोदी.
गडी पुढे आला, बोलू लागला,
कवितेची ओळ जिथं वळेल
तिथं चालही वळू लागली.
"म्हणजे शब्द उभा धागा, पियानो आडवा," मामा म्हणाले.
इतकं सरळ नसावं, मी म्हटलं.
"चादरही नसते."

एक जण होता, सतराएक गाणी लिहून थांबला.
पुढं जवळजवळ पन्नास वर्षं जगला,
गाणं एकही नाही.
बाकीचं बरंचसं स्वतःच नष्ट केलं.
यावर मामा बराच वेळ गप्प.
मिल बंद झाली तेव्हा त्यांच्या भावानं
नक्षीच्या चौकटवह्या बंबात घातल्या होत्या,
मोर, कोयऱ्या, सगळं,
आणि मग एकोणीस वर्षं पानटपरी चालवली,
नीटनेटकी, न कुरकुरता.

दुसरा म्हातारपणी बहिरा झाला.
नुसता बहिरा नव्हे,
खालचे सूर त्याला चढलेले ऐकू यायचे,
वरचे उतरलेले,
मधले तेवढे जागच्या जागी.
तरी लिहीत राहिला,
कमी कमी सुरांत.
"हां," मामा म्हणाले.
तळवा उचलला, पाहिला, पुन्हा ठेवला.

मग मी पुस्तिकेत नसलेली गोष्ट सांगितली.
फ्रेंच शब्दांच्या टोकाला एक मुकं अक्षर असतं.
बोलताना कुणी त्याला विचारत नाही,
गाताना मात्र त्याला स्वतःचा सूर मिळतो,
एवढासा, उतरता.

मामा हसले. "त्यात काय! आपल्याकडेही आहे."
घरी तेलुगू, तिथं शब्द संपतो तो तोंड उघडं ठेवून,
इल्लु, नीळ्ळु.
शाळेत मराठी, तिथं गुरुजी म्हणायचे घर,
आणि र वर दार लागायचं.
पण आई बिड्या वळताना
शेजारणीकडून उचललेली मराठी गाणी म्हणायची,
तेंदूचं पान, चिमूटभर जर्दा, दोरा,
आणि घर नाही, घरऽ,
गिळलेला अ परत यायचा,
दोऱ्याच्या गाठीवर क्षणभर बसायचा.
"आम्हाला वाटायचं, तेलुगू बाई, चुकतेय."

सुई शेवटच्या रेघेत खरखरत होती.
"परत लाव," म्हणाले,
"आणि तो मुका आला की बोट वर कर."

मी बोट वर करत गेले.
ते डोळे मिटून.
बाहेर तिसरी पाळी सुरू झाली,
गल्लीतले माग एकदम, भिंतीतून.
एकदा माझं बोट उशिरा गेलं.
मामांनी आधीच मान हलवली होती.